चेन घरी, चाक कारागिराकडे

पुण्याच्या पावसाळ्यात रोज सायकल चालवताना चेनवर चिखल बसतो. तो पुसून, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडून, वरचे तेल फडक्याने टिपण्याचे काम मी आता दुकानावर सोपवत नाही. झीजही घरीच मोजता येते: नव्या चेनच्या २४ कड्या, पिनेपासून पिनेपर्यंत, बरोबर १२ इंच भरतात, आणि ही लांबी सुमारे दीड मिलिमीटरने वाढली की चेन बदलावी, अन्यथा फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरील दातेरी चक्राचे, दातेही झिजू लागतात. ब्रेकचे रबरही मीच बदलतो. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना येणारी डगमग, काढणे मात्र कारागिराकडेच, कारण एक आरा ताणला की शेजारच्या आऱ्यांचा ताण बदलतो, आणि तो तोल हाताला कळायला वर्षे लागतात. अशा हातांशी पैशांची घासाघीस करू नये, असे मला मनापासून वाटते.