आमची वाटचाल: शंभर रुपयांच्या तिकिटाचा हिशेब

पुण्यात मंडईच्या परिसरात आमचं लॉटरीचं दुकान आहे. आम्ही फक्त राज्य सरकारची कागदी तिकिटं विकतो. हा धंदा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सत्तरच्या दशकात एका टेबलावर सुरू केला. पुढे शुक्रवार पेठेत छोटा गाळा मिळाला. आता हिशेब माझी मुलगी बघते.

महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिच्या आधी केरळने वाट दाखवली होती. त्यांची पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ची, तिकीट एक रुपयाचं आणि पहिलं बक्षीस पन्नास हजारांचं. आपल्याकडे मटक्याचा जोर होता. लोकांचा पैसा तिकडे जाण्यापेक्षा सरकारी तिकिटाकडे वळावा आणि तिजोरीलाही हातभार लागावा, हा उद्देश होता. तशी कल्पना जुनीच. मुंबईचा टाउन हॉल, जिथे आज एशियाटिक सोसायटी आहे, बांधायला एकोणिसाव्या शतकात लॉटरीने पैसे उभे करून पाहिले होते. ते पुरले नाहीत, कंपनी सरकारला भर घालावी लागली आणि १८३३ साली इमारत पुरी झाली. कोलकात्यात १८१७ मध्ये लॉटरी कमिटी नेमून रस्ते आणि तलाव केले गेले.

अण्णांची गिऱ्हाइकं म्हणजे मंडईतले हमाल, गाळेवाले, रिक्षावाले, पेन्शनर. त्यांनी दोन नियम घातले होते. उधारीवर तिकीट द्यायचं नाही आणि पगाराच्या दिवशी कुणी गठ्ठा मागितला तर आधी विचारायचं, ‘घरी पैसे दिलेस का रे?’ पंधरा हजार कमावणारा आणि दीड लाख कमावणारा तिकिटाला सारखेच पैसे मोजतो, पण पहिल्याच्या खिशाला ते कितीतरी जास्त लागतात. लॉटरीचा महसूल असा खालच्या पगारावर जास्त भार टाकतो, हे अर्थशास्त्रज्ञ सांगतात. आम्हाला ते रोज काउंटरवर दिसतं. हा कर माणूस स्वखुशीने भरतो, कुणी नोटीस पाठवत नाही. म्हणूनच त्याच्या हिशेबाची जबाबदारी जास्त आहे, असं मला मनापासून वाटतं.

२००१च्या सुमारास ऑनलाइन लॉटरीची मशिनं आली आणि धंद्याचा चेहरामोहरा बदलला. दिवसभरात सोडतीमागून सोडत. गल्लीबोळांत तसली दुकानं उघडली, माणसं तासन्‌तास तिथेच बसायला लागली. आम्हाला मशीन बसवायला सांगणारे बरेच आले, कमिशनही चांगलं होतं. अण्णा म्हणाले, ‘ज्याच्यापासून लोकांना सोडवायचं म्हणून लॉटरी काढली, तेच आपण दुकानात आणायचं?’ आम्ही मशीन घेतलं नाही. केंद्राच्या १९९८च्या लॉटरी कायद्यात एक आकडी लॉटरीला, म्हणजे एकाच अंकावर बक्षीस देणाऱ्या लॉटरीला, बंदी आहे, सोडत राज्य सरकारनेच काढायची, तिकिटावर राज्याचं चिन्ह हवं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा चांगला आहे. त्यातलं एक कलम गिऱ्हाइकांना माहीतच नसतं: ज्या बक्षिसावर कुणी दावा करत नाही, ती रक्कम सरकारची होते.

आता करांकडे येतो, कारण आमच्या धंद्याचं खरं गणित तिथे आहे. शंभर रुपये दर्शनी किमतीचं तिकीट धरा. जीएसटी त्या शंभरातच असतो, म्हणजे दर १२ टक्के असेल तर ११२ भागांतले १२ कराचे. २०१७ मध्ये राज्याने स्वतः चालवलेल्या लॉटरीवर १२ टक्के दर होता, म्हणजे शंभरातले १० रुपये ७१ पैसे. १ मार्च २०२० पासून २८ टक्के झाला, ते झाले २१ रुपये ८८ पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के, म्हणजे २८ रुपये ५७ पैसे. बक्षिसांची रक्कम वगळून कर लावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये फेटाळली, त्यामुळे कर पूर्ण तिकिटावर बसतो. उरलेल्या सुमारे ७१ रुपयांत बक्षिसं, छपाई, घाऊक विक्रेता, आम्ही आणि सरकारचा नफा. तिकिटाची किंमत वाढवता येत नसेल, तर यातलं काहीतरी कमी होणारच. बक्षिसं कमी केली की गिऱ्हाईक जातं, कमिशन कमी केलं की विक्रेता जातो. शिवाय राज्यातल्या विक्रीवरचा निम्मा जीएसटी थेट केंद्राकडे जातो, म्हणजे राज्य स्वतःचा नफा घटवून कर भरतं आणि त्यातला अर्धाच त्याच्या हाती येतो. जिंकणाऱ्याकडून प्राप्तिकर ३० टक्के वेगळा कापला जातो.

‘केरळकडे बघा’ असं सगळे म्हणतात. बघावंच. तिथे वर्षाची विक्री बारा हजार कोटींच्या घरात आहे, ओणमच्या बंपरचं पहिलं बक्षीस २५ कोटींचं आणि विक्रेत्यांसाठी कल्याण निधी मंडळ आहे. ‘कारुण्य’ लॉटरीचा पैसा गरिबांच्या उपचारांना जोडला होता. पण ती विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. तिच्यातून बक्षिसं, कमिशन आणि कर वजा केले की हाती राहतो तो लहान हिस्सा. भाषणांत मात्र मोठा आकडाच येतो, हे मला पटत नाही. तमिळनाडूने २००३ मध्ये, कर्नाटकाने २००७ मध्ये लॉटरी बंदच केली. बंदी हा प्रामाणिक पर्याय आहे. अर्धवट चालवून, दर काही वर्षांनी कर वाढवत तिला गळू देणं हा नाही.

या दिवाळी बंपरला मुलीने काउंटरवर फळा लावला आहे. शंभर रुपयांतले कर किती, हे त्यावर खडूने लिहिलेलं असतं. काही गिऱ्हाइकं वाचून तिकीट न घेता परत जातात, तरी फळा तिथेच राहणार. सरकारकडे आमचं मागणं एवढंच आहे: प्रत्येक सोडतीत किती तिकिटं छापली, किती विकली, बक्षिसांत किती गेले आणि दावा न झालेली रक्कम किती उरली, हे निकालपत्रकाच्या खाली छापावं. तिथे तेवढी जागा असते.