माळकरी मामा आणि तीन ग्लास

माझा मामा माळकरी. वाखरीचं रिंगण त्यानं कधी चुकवलेलं नाही. घरी आलेला पाहुणा ‘कधीमधी घेतो’ म्हणाला तर त्याला पोटभर जेवायला घालायचं, पण त्याच्याशी गप्पा मारत बसायचं नाही, हा त्याचा नेम. त्यामुळं माघ वारी उरकल्यावर “वाइनरी बघायला येतोस का?” असं मी भीतभीतच विचारलं. मामा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “द्राक्षाचं काय करत्यात ती तरी बघू. येताना गाडी बी कुणीतरी चालवाय पायजे की.”

मामाची कासेगावला द्राक्षाची बाग आहे, माणिक चमन आणि सोनाका या जातींची. सोनाका ही आपल्या सोलापूरची जात, नान्नजच्या नानासाहेब काळ्यांनी शोधलेली. पोरगा कलेक्टर झाल्याचं लोक ज्या सुरात सांगतात, त्या सुरात मामा हे सांगतो. २००१ साली सरकारनं वाइनसाठी धोरण आणलं, तेव्हा कासेगावातही कुणीकुणी वाइनची द्राक्षं लावायच्या गोष्टी करत होते. मामा त्यांच्यात नव्हता.

माळशिरस तालुक्यात वाइन म्हटलं की लोक अकलूजजवळच्या फ्रातेल्ली वाइनरीचं नाव घेतात. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. वाइनला भाऊबंदकीचं नाव! आम्ही गेलो ती वाइनरी मात्र छोटी. वेळापूरच्या पुढं, उसातून आत. पत्र्याची शेड, शेजारी बाग, आणि बोर्ड इतका लाजाळू की आम्ही दोनदा पुढं निघून गेलो.

शेडकडं जायच्या आधीच मामा बागेत शिरला. शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाचा, घड त्यानं तळहातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं. मणी म्हणजे अगदी करवंदाएवढे.

“ह्याला जीएची डुबी दिली न्हाई का?” जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध, घड त्यात बुडवून काढतात.

दाखवायला आलेली मुलगी जवळच्याच गावची होती. ती हसली. “नाही काका, आम्हाला मणी बारीकच पाहिजे.”

रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी जितका बारीक, तितका रसाच्या मानानं सालीचा वाटा जास्त. पांढरी वाइन करायची तर रस काढून साल बाजूला करायची. लाल करायची तर सालीसकट आंबवायचं. मामानं हे सगळं ऐकून घेतलं खरं, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. निर्यातीचा मणी १८ मिलिमीटरचा व्हावा म्हणून या माणसानं अख्खी उमर विरळणीत आणि डुबीत घातलेली. एक मणी तोंडात टाकून त्यानं चावला आणि बिया हातावर घेतल्या. लहानपणी अनाबेशाहीच्या बिया थुंकत वाढलेला माणूस तो. “बी तपकिरी झालंया. ब्रिक्स चोवीस आसंल.” ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप.

मुलीनं खिशातनं ती साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर काढला, रसाचा थेंब टाकला, उन्हाकडं धरला. साडेतेवीस.

इथून पुढं ती मामाशीच बोलू लागली. गोडी छाटणी कधी घेतली, भुरी आली का, किलोला दर काय बसतो. मी मागनं चालत होतो. शेडमध्ये एका टाकीचं झाकण उघडं होतं. गॅसनं साली वर येऊन जाड थर धरतात आणि तो दिवसातनं काही वेळा खाली दाबावा लागतो. आंबूस, गोडसर, नाकात जाणारा वास. “गुऱ्हाळामागं मळी पडती, तसा,” मामा म्हणाला.

मग टेस्टिंग. लांब टेबल, तीन ग्लास, चीजचे तुकडे आणि घोट थुंकायला स्टीलचं भांडं. भांडं बघून मामा खूश. “थुंकायची सोय केलीया, बेस हाय.” मी आदल्या रात्री मोबाइलवर बरंच काही बघून आलो होतो, त्यामुळं ग्लास दांडीला धरला, गोल फिरवला, नाक लावलं आणि म्हणालो, “फ्रूटी आहे.” द्राक्षाच्या रसाला फ्रूटी म्हणायला काय अक्कल लागते, असं मामा बोलला नाही, नुसतं बघितलं.

मुलगी पाठ केलेलं सांगत होती : गूसबेरी, ब्लॅकबेरी, चेरी. आता चेरी आम्हाला केकवरची माहीत. ब्लॅकबेरी म्हटलं की मला जुना फोन आठवतो.

“मला नुसता वास घेऊ दे,” मामा म्हणाला. “वासाला माळ आडवी येत न्हाई.”

पहिला ग्लास सोव्हिन्यो ब्लांक या पांढऱ्या वाइनचा. मामानं डोळे मिटून नाक घातलं. “कडवळ कापताना येतो की ह्यो वास. आन जरा ढोबळी मिरची.” कडवळ म्हणजे जनावरांच्या चाऱ्याची हिरवी ज्वारी.

मुलगी चकित झाली. या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचं द्रव्य एकच असतं म्हणे.

दुसरा शेनँ ब्लांकचा, तीही पांढरीच. “पाडाला आलेला पेरू.” मी पेरू शोधत घोट घेतला आणि खरंच सापडला. मी पिशवीतनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली होती. ही वाइन जराशी गोडसर, तिच्याबरोबर चटणी झकास जमली. पुढं लालबरोबर तेच करायला गेलो तर तिखटाचा नुसता जाळ झाला.

लाल म्हणजे ओकच्या पिंपात ठेवलेली शिराझ. तिच्यावर मामा बराच वेळ थांबला. नाक पार ग्लासात. “जांभूळ हाय. खाली काहीतरी भाजल्यालं... काळ्या मसाल्याला लवंग परतत्यात, तसं.” लवंग ओकची होती. पिंप आतनं शेकतात आणि त्या लाकडातनं लवंगेचाच वास उतरतो. मी घोट घेतला, हिरड्या आवळून आल्या. कच्ची सुपारी चघळल्यासारखं, किंवा डाळिंबाच्या सालीचा काढा.

मुलीनं वही काढली आणि ‘कडवळ’ लिहून घेतलं.

परतीला गाडी मामानं चालवली. मी शिराझची बाटली मांडीवर घेऊन बसलो होतो. वाखरीच्या अलीकडं मामानं गाडी हळू केली, मागच्या सीटवरचं उपरणं माझ्याकडं टाकलं आणि समोर बघत म्हणाला, “झाक तेवढी.”

घरी मामी दारातच होती. “कुठं गेलता?”

“बाग बघाय.”

मामीनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तसाच हवेत धरला. मामाच्या मिशीकडं बघत तिनं एकदा हुंगलं, दुसऱ्यांदा हुंगलं.

“आवं,” ती म्हणाली, “माघात जांभळं कुठं घावली?”