तुम्ही विचारलंत म्हणून: सातव्या सीझननंतर थांबावे का?

ठाण्याहून ऐरोलीला जाणाऱ्या ट्रान्सहार्बर लोकलमध्ये मोबाइलवर ‘द ऑफिस’ पाहणारे माझे तरुण सहकारी कधी ना कधी मला हा प्रश्न विचारतातच, कारण ही अमेरिकी विनोदी मालिका मी ती चालू असतानाच पाहिली होती, हे त्यांना ठाऊक आहे. पुढे मालिका उतरणीला लागते, असे त्यांना आधीच कोणीतरी सांगितलेले असते. मग लगेच दुसरा प्रश्न येतो: नवव्या सीझनला मंजुरी मिळाली तेव्हा तुम्हा चाहत्यांना आनंद झाला होता का?

झाला होता, आणि त्याच दिवशी वाईटही वाटले होते.

स्क्रँटन शहरातील कागद विकणाऱ्या कंपनीची एक शाखा, तिच्यावर माहितीपट करणारे कॅमेरे आणि आपल्याइतका चांगला साहेब जगात दुसरा नाही अशी ठाम समजूत असलेला मायकल स्कॉट, एवढ्यावर ही मालिका उभी होती. मायकलचे काम करणारे स्टीव्ह करेल एप्रिल २०११ मध्ये बाहेर पडले, आणि त्यानंतर लेखकांची जी धावपळ झाली ती आठव्या सीझनभर पडद्यावर दिसते. शाखेतल्याच अँडीला साहेबाच्या खुर्चीत बसवले गेले, पण तो बापुडवाणा आहे की आतल्या गाठीचा, हे भागागणिक बदलत राहिले. जेम्स स्पेडर यांचा रॉबर्ट कॅलिफोर्निया सुटा पाहिला तर मोठा मजेदार आहे. मात्र तो आत शिरला की ते ऑफिस दुसऱ्याच कुठल्या मालिकेतले वाटू लागते. (मला तो आवडतो, हे मी फारसे कोणाला सांगत नाही.)

हा सीझन संपत असतानाच, मे २०१२ मध्ये, नवव्या सीझनची बातमी आली. आमच्या ऑफिसातील एका लाडक्या वरिष्ठांना निवृत्तीच्या वयानंतर वर्षभराची मुदतवाढ मिळाली होती, तेव्हा पेढा हातात घेऊन आम्ही जसे एकमेकांकडे पाहिले होते, त्याची मला आठवण झाली. साहेब उद्याही भेटणार याचे बरे वाटत होते, आणि आता त्यांच्या चुका मोजल्या जाणार याची धास्तीही होती.

खरे म्हणजे आठव्या सीझनला मी क्वचितच हसलो, पण एकही भाग अर्धवट सोडला नाही. कोपऱ्यात शब्दकोडे सोडवत निवृत्तीची वाट पाहणारा स्टॅन्ली, फिलिस, काही केल्या थांग न लागणारा क्रीड ही मंडळी रात्री जेवणानंतर घरात असावीत, एवढीच माझी मागणी उरली होती, आणि लेखकांची खरी अडचण माझ्यासारखे प्रेक्षकच असतात, कारण आम्ही कुरकुर करतो आणि पाहतही राहतो. मूळ ब्रिटिश मालिका दोन पर्वांतील १२ भाग आणि नाताळचा खास भाग करून २००३ मध्ये थांबली. अमेरिकी मालिकेचे २०१ भाग झाले. आपल्या दैनंदिन मालिकांना सीझनच नसल्यामुळे मंजुरीच्या बातमीचा असा संमिश्र दिवस आपल्या वाट्याला येत नाही. त्या नुसत्या चालत राहतात. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ संपली तेव्हा आमच्या घरी सगळे हळहळले होते, पण आज तिच्याविषयी बोलताना कोणालाही ‘अमुक भागापर्यंतच पाहा’ असे बजावावे लागत नाही.

नवव्या सीझनला अमेरिकी मालिकेचे मूळ कर्ते ग्रेग डॅनियल्स परतले आणि हाच शेवटचा सीझन असेल हेही जाहीर झाले. मधले काही भाग तरीही रेंगाळतात. जिम आणि पॅम यांच्या संसारातला ताण मात्र मला पटला, आणि मे २०१३ मधला शेवटचा भाग पाहिल्यावर, हा पाहण्यासाठी आठवा सीझन सोसला याचे मला काही वाटेनासे झाले. तेव्हा माझे उत्तर ‘थांबू नका’ असे आहे. आठव्यातले काही भाग गाळलेत तरी चालेल.

गेल्या आठवड्यात माझी भाची सातव्या सीझनमधल्या त्या विमानतळापर्यंत पोहोचली, जिथे मायकल अंगावरचा माइक काढून देतो आणि मग पॅमशी काय बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. रात्री साडेअकराला तिचा मेसेज आला, “मामा, आता?” मी तिला पंधरा दिवस थांबायला सांगितले आहे.