रोज पंचवीस ओव्या

ज्ञानेश्वरी आपल्याकडं बहुतेक घरांत असते, पण फडक्यात गुंडाळलेली. सप्त्यात बाहेर निघते, दिवसाला बाराशे-तेराशे ओव्या होतात आणि काल्याचं कीर्तन झालं की परत फडक्यात. पारायणाला नावं ठेवायची नाहीत. पण त्या वेगात जीभ पुढं पळते, अर्थ मागं राहतो. अर्थ हवा असेल तर हिशेब सोपा आहे. ओव्या साधारण 9,000. रोज 25 म्हटल्या तर 360 दिवस. मोठ्यानं, अर्थासकट वाचायला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात.

पहिल्या अध्यायापासूनच निघायला हवं असं नाही. बारावा घ्या. भक्तीचा, 247 ओव्यांचा, दहा दिवसांत हातावेगळा होतो. मग पंधरावा, आणि मग पहिल्यापासून. सरळ निघालेल्यांची गाडी बहुधा सहाव्यात कुंडलिनीपाशी रुतते, नाहीतर तेराव्यात. तेरावा अकराशेच्या वर ओव्यांचा. त्यात दीड महिना जाणारच.

खरी अडचण दाखल्यांची, म्हणजे उदाहरणांची. एका मुद्द्यासाठी माउली चार-चार दाखले देतात: 'जैसें', मग 'कां', मग 'नातरी'. हे 'कां' म्हणजे बऱ्याचदा 'किंवा'. आपण त्याला प्रश्न समजतो आणि ओवी उलटीच कळते. गोंधळ झाला की पुढं जाऊन 'तैसें' शोधा. मुद्दा तिथं असतो. तो धरून मागं या, दाखले आपोआप उलगडतात. कोण बोलतंय हेही संबोधनावरून कळतं. 'किरीटी', 'धनुर्धरा' ही अर्जुनाला मारलेली हाक, ती आली की बोलणारे देव, म्हणजे श्रीकृष्ण. 'जी' आलं की बहुधा अर्जुन, नाहीतर गुरू निवृत्तिनाथांपुढं बोलणारे खुद्द ज्ञानदेव. 'आघवें' म्हणजे सगळं, 'येर' म्हणजे इतर. असे तीस-चाळीस शब्द वहीत उतरवले की पुढं फारसं अडत नाही.

प्रत छापील घ्या. ओवी साडेतीन चरणांची. तीन चरणांत यमक, शेवटचा आखूड. मोबाइलवर पीडीएफ वाचताना तिसऱ्या चरणाला मेसेज आला की कान धागा सोडतो आणि ओवी पहिल्यापासून धरावी लागते. फोन सायलेंट करून शेजारी ठेवला तरी डोळा तिकडं जातोच. तो दुसऱ्या खोलीत बरा.

वेळ घड्याळाला बांधू नका. शेतीपंपाची लाइट रात्रपाळीला आली की पहाट पाणी देण्यातच जाते. त्यापेक्षा दिवसाच्या पहिल्या चहाला बांधा, मग तो पाचला होवो की नऊला. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी पन्नास करायला जाऊ नका, पंचवीसच. पन्नासच्या नादात तिसरा दिवसही बुडतो. खंड पडला म्हणून पाप लागेल ही भीतीही नको. ते नियम संकल्प करून केलेल्या पारायणाचे.

आता व्हॉट्सॲपवर 'माउली म्हणतात' म्हणून फिरणाऱ्या ओळींचं. हा घोळ जुनाच आहे. पाठात चुका शिरल्या म्हणून पैठणच्या एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरी शुद्ध केली. यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली, असंही बजावून ठेवलं. नरोटी म्हणजे करवंटी. तेव्हा आलेल्या ओळीला अध्याय आणि ओवीचा क्रमांक आहे का ते बघा आणि आपल्या प्रतीत काढा. प्रतींप्रमाणं क्रमांक एक-दोननं मागंपुढं होतो, म्हणून आजूबाजूच्या ओव्याही चाळा. तिथंही सापडली नाही तर पुढं पाठवू नका.