पाऊस केरव्यात पडत नाही

गावच्या भजनी मंडळाने नदीचं गाणं नदीकाठी म्हणायचं तर पहिली अडचण तारखेची. जागतिक जल दिन 22 मार्चला येतो. 1993 पासून तो पाळला जातो. तारीख ठरवताना विदर्भातल्या नद्या कुणाच्या डोळ्यांसमोर नसाव्यात. मार्च संपता संपता आपल्याकडच्या लहान नद्यांत डोह तेवढे उरतात, मधे नुसती रेती आणि काठाला बेशरमाची झुडपं. अशा पात्रात उभं राहून पाण्याचं भाषण करता येतं. गाणाऱ्याला ते जड जातं.

त्यापेक्षा कार्तिकी पौर्णिमा बरी. पाणी निवळलेलं असतं, सोयाबीन घरात आलेलं असतं, सूर्य साडेपाचच्या सुमारास बुडतो आणि समोरून चंद्र वर येतो, म्हणजे लायटिंगचा खर्चही वाचला. अडचण कापसाची. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या बाईला रात्री नऊला तालमीला बोलावणं हा जुलूम आहे. सात ते साडेआठ, दिवसाआड, तीन आठवडे, एवढंच झेपतं. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन, म्हणजे वीज, आली की पुरुषांची बाजू निम्मी रिकामी होते. म्हणून तालमीचे वार लाईनची पाळी बघून ठरवावेत, पंचांग बघून नाही.

माणसं मात्र शोधावी लागत नाहीत. तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजन आणि सामुदायिक प्रार्थना या भागात इतकी रुजवली की वर्धा, अमरावती, यवतमाळकडच्या बहुतेक गावांत एका सुरात म्हणणारी पंधरा-वीस माणसं आधीच तयार असतात. भजनी मंडळाला वृंदगान शिकवावं लागत नाही, काही सवयी सोडवाव्या लागतात. त्यातली मोठी सवय बसण्याची.

भजन बसून होतं, दोन रांगा समोरासमोर. प्रत्येकाला समोरच्याचं तोंड दिसतं, आवाज थेट कानात येतो, कुणी घसरला तर समोरचा त्याला नुसत्या भुवईने सावरतो. कार्यक्रमात हीच माणसं उभी राहून श्रोत्यांकडे तोंड करतात आणि त्यांना एकमेकांचा आवाज ऐकू येईनासा होतो. मांडवात निदान कापड आणि भिंत असते. नदीकाठी गेलेला आवाज परत येतच नाही. मग प्रत्येक जण स्वतःला ऐकू यावं म्हणून जोर लावतो, जोर लावला की सूर चढतो, आणि दुसऱ्या कडव्यात गळे बसतात. “आमाले उभं राहून गाता येत नाई जी,” ही तक्रार पायांची नसते, कानांची असते.

उपाय सोपा आहे. घाटाच्या पायऱ्यांवर चंद्रकोरीसारखं उभं राहायचं, दोन्ही टोकं पुढे आलेली, म्हणजे या टोकाला ते टोक ऐकू येतं. छत्तीस माणसं असली तर तीन पायऱ्या, पायरीवर बारा, दोघांत वीतभर अंतर. पाठीशी देवळाची दगडी भिंत मिळाली तर सोन्याहून पिवळं. कोरड्या रेतीवर कधीच उभं राहू नये, रेती आवाज पिते. वारा गाणाऱ्यांकडून श्रोत्यांकडे वाहायला हवा. बंधाऱ्याच्या सांडव्यापासून निदान शंभर मीटर दूर राहावं, कारण पडणाऱ्या पाण्याचा खळखळाट नेमका स, श आणि च खातो. शब्द जातात आणि नुसते स्वर पोचतात.

सूर्य बुडायची वाट बघण्यालाही कारण आहे. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली असते, त्यामुळे आवाज वर वळतो आणि श्रोत्यांच्या डोक्यावरून निघून जातो. संध्याकाळी काठालगतची हवा आधी गार होते, वरचा थर उबदार राहतो, आणि तोच आवाज खाली वाकून पाण्यावरून लांब जातो.

आता पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुरावर सा धरायचा ते. पुरुषांची सोयीची पट्टी काळी एक, बायकांची काळी चार. सगळ्यांना काळी चारमध्ये उभं केलं तर पुरुष एक तर घशात गुरगुरतात, नाहीतर किंचाळतात. त्यापेक्षा षड्ज, म्हणजे सा, काळी एकचा ठेवावा आणि चाल अशी निवडावी की ती मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य (मधल्या) पंचमापर्यंत फिरेल, तार (वरच्या) षड्जाला हात लावणार नाही. या टापूत दोघंही सुखाने गातात. पोरांना मंद्र पंचम लागत नाही. तिथे त्यांनी गप्प राहावं, बाकी ठिकाणी त्यांच्या आवाजासारखी चमक नाही. एखादा अंतरा फक्त बायकांचा हवा असेल तर पेटीवाल्याने खुशाल काळी चारवर जावं. त्या पट्टीचा मध्यम म्हणजेच काळी एक, त्यामुळे परतायची वाट हाताशीच असते.

एकापेक्षा जास्त सुरांची मौज हवी असेल तर भूप राग घ्यावा. मध्यम आणि निषाद नसल्याने अर्ध्या सुराच्या अंतरावरचे लगतचे स्वर एकमेकांवर आदळत नाहीत. पहिल्या गटाने ओळ सुरू केली की आठ मात्रांनी दुसऱ्याने तीच ओळ धरायची, आणखी आठ मात्रांनी पोरांनी. न शिकवता तीन पदर तयार होतात. मंडळाला हे आधी विचित्र वाटतं, कारण भजनात पुढचा म्हणतो आणि मागचे झेलतात. त्याची ओळ संपायच्या आत तोंड उघडणं म्हणजे उद्धटपणा.

लांब धरलेल्या स्वरालाही एक युक्ती आहे. ओळीच्या शेवटी सगळे एकदम श्वास घेतात आणि प्रवाह तुटतो. म्हणून शेजारच्या दोघांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही, एवढा एकच नियम करावा. दमायच्या आधी हळूच थांबायचं, श्वास घ्यायचा, आवाज न करता परत मिसळायचं. छत्तीस जणांत तो स्वर हवा तेवढा वेळ अखंड चालतो.

पावसाचा आवाज हा अशा कार्यक्रमांतला लाडका प्रकार. एका बोटाने तळहातावर, मग दोन, मग चार, मग मांड्यांवर थापा, मग पाय. आठ-दहा जणांनी सुरू करून बाकीच्यांनी भर घातली तर डोळे मिटलेल्या माणसाला छत्री आठवते. भजनी मंडळ मात्र इथे हटकून फसतं. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला सगळ्यांची बोटं आपोआप जुळतात आणि सरी आठ मात्रांच्या केरव्यात पडू लागतात. वर्षानुवर्षं लय राखलेल्या हातांना बेलय होणं जमत नाही. शेजाऱ्याकडे पाठ करून प्रत्येकाने मनात वेगळं काही मोजायचं, कुणी घरातली माणसं, कुणी आठवडी बाजारातला हिशेब, तेव्हा कुठे पाऊस विस्कळीत होतो.

शब्द बाहेरून आणू नयेत. नदीला मिळणाऱ्या नद्यांची नावं प्रवाहाच्या क्रमाने म्हटली तरी गाणं होतं. वर्धा नदीचंच घ्या, ती मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते. खाली तिला वेणा मिळते, वढ्याला पैनगंगा, मग चंद्रपूरकडची इरई, आणि चपराळ्याजवळ वैनगंगा भेटली की पुढे प्राणहिता. पैनगंगा आणि वैनगंगा दोन्ही सात मात्रांच्या, पैन-गं-गा, तीन-दोन-दोन, म्हणजे थेट रूपक तालात बसतात. ढोलकीवाल्याला रूपक येत नसेल तर शेवटचा गा एक मात्रा ओढावा आणि आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात घालावं. वेणा, इरई, वर्धा चार-चार मात्रांच्या, त्या कुठेही मावतात. प्राणहिता सहाची, तिला दादरा शोभतो, आणि दोन मोठ्या नद्या मिळाल्यावर ठेका बदलणं शोभूनही दिसतं. गावचा नाला या यादीत घ्यायला विसरू नये. टाळ्या त्यालाच पडतात.

एका काठावरून दुसऱ्या काठाला उत्तर देण्याची कल्पना सगळ्यांना सुचते, आणि तालात केली तर फसते. ध्वनी सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर पात्र ओलांडायला त्याला 0.3 सेकंद लागतात, उत्तर परत यायला तेवढेच. मिनिटाला ऐंशी मात्रांच्या लयीत जाता-येता पाऊण मात्रा सटकते, आणि टाळवाले एकमेकांना दोष देत बसतात. पलीकडून डोंगेवाल्याला मारतात तशी हाळी द्यावी, मोकळी, बिनठेक्याची. शेवटचा स्वर लांबवावा आणि तो विरल्यावरच पलीकडच्यांनी उचलावं. उशीर मग दोष राहत नाही.

साऊंडवाल्याला आधी भेटून दोनच गोष्टी सांगाव्यात. इको बंद. भोंगे नकोत. भोंग्यातून खर्ज, म्हणजे खालचे सूर, येतच नाही, पुरुषांची अर्धी मेहनत वाया जाते. प्रत्येकाच्या हातात माईक देण्यापेक्षा दोन माईक उंच दांड्यांवर, गाणाऱ्यांपासून सव्वा मीटरवर; दोघांमधलं अंतर त्याच्या तिप्पट, वाऱ्यासाठी स्पंजची टोपी. बॉक्स नेहमी माईकच्या पुढे, नाहीतर शिट्टी.

दव पडू लागलं की खंजिरीचं चामडं ओल धरतं आणि सैल पडतं. शेकोटीच्या निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर धरून शेकावी, जवळ नेली तर तडकते. छत्तीस जणांना दोन खंजिऱ्या पुरतात, बाकीच्या घरी ठेवाव्यात. हे सांगताना मंडळाच्या अध्यक्षांचा मान राखूनच बोलावं.

नदीत दिवे सोडायचे असतील तर पळसाचे द्रोण घ्यावेत; प्लास्टिकचा पातळ थर दिलेले बाजारी द्रोण महिनाभर काठाला अडकून राहतात. आणि सोडायचे ते शेवटचं गाणं संपल्यावरच. आधी सोडले की पोरं कुणाचा दिवा पुढे गेला ते बघत बसतात आणि भूपात नसलेला मध्यम ऐकू येऊ लागतो.