तुम्ही विचारलंत म्हणून: गाताना हात कशाला हलवता?

छोटीशी बैठक झाली की चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच. परवा सोसायटीतल्या काकूंनी सरळच विचारलं, "अगं गळा गातोय ना, मग हात कशाला एवढे नाचवतेस?" तेव्हा हसून वेळ मारून नेली.

काकू, असं बघा, सतारवाल्याला पडदे दिसतात, पेटीवाल्याला पट्ट्या दिसतात, आमच्याकडे बघायला काही नाहीच. गळा आत, बोट ठेवून दाखवावं असं काही नाही, मग हातच हवेत ती जागा शोधत बसतो. भूप रागात पंचमावरून (प) गंधारावर (ग) मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, येताना मला खरंच चिमटीत दोरा धरल्यासारखं वाटतं, तो सैल पडला की मींड गेली. तोडी रागाचा गंधार नेहमीच्या कोमल (म्हणजे खालच्या) गंधारापेक्षाही जरा उतरलेला, तिथे तळवा आपोआप खाली दाबला जातो. जुन्या रागमाला चित्रांत, म्हणजे रागांना माणसांचं रूप देणाऱ्या चित्रांत, तोडी म्हणजे रानात वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं. चित्र देखणंच, पण मला तोडी गाताना आजवर एक हरीण दिसलेलं नाही, दिसतो तो फक्त उतार.

आणि हे खूळ आजचं नाहीये. सामगान करणारे, म्हणजे सामवेद गाणारे, अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत स्वर दाखवतात, त्याला गात्रवीणा म्हणतात. तक्रारही तेवढीच जुनी म्हणा! तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या दरबारी, शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा संगीतावरचा ग्रंथ लिहिला, त्यात गायकाचे २५ दोष मोजलेत. भयंकर तोंड वासणारा, मान वाकडी करणारा, अंग पसरणारा, अगदी डोळे मिटून गाणारासुद्धा त्यात आहे. म्हणजे काकू शार्ङ्गदेवाच्या पार्टीतल्या, आणि मी किमान तीन दोषांची धनी.

पण मला स्वतःला हे नीट कळलं ते लॉकडाऊनमध्ये. न्यू जर्सीतली एक मुलगी ऑनलाइन शिकायची, स्क्रीनवर फक्त माझा चेहरा, आणि भूपाची तीच मींड तिला दोन आठवडे जमेना, पायरी चुकल्यासारखी धपकन गंधारावर पडायची. मी गाऊन गाऊन थकले. एक दिवस चहाचा कप ठेवायला लॅपटॉप मागे सरकवला, माझे हात दिसायला लागले, तिने नकळत चिमूट धरली आणि मींड आली की हो!

मी मींड डाव्या हाताने धरते, कारण आमच्या बाईंचा उजवा हात तानपुऱ्यावर असायचा आणि मी त्यांच्या मागे बसून शिकले. आता माझा तानपुरा मोबाईलमध्ये, दोन्ही हात मोकळे, तरी डावाच उठतो. ती मुलगी मात्र उजव्याने धरते, स्क्रीनवर समोरासमोर शिकली ना.