खिडकीच्या अँगलचा पहिला स्टँड

आमचं मूळ काम ग्रिल, गेट आणि गोठ्याच्या शेडचं. आण्णांनी साताऱ्यात एका वेल्डिंग मशीनवर सुरू केलेलं. सोलरमध्ये आम्ही काही ठरवून आलो नाही. शॉपचं वीजबिल बघून मी चार पॅनल घेतले, तर स्टँडचे पैसे ऐकून आण्णा म्हणाले, "आपण फॅब्रिकेटर, आणि स्टँड दुसऱ्याकडनं घ्यायचा?" झालं. खिडक्यांच्या कामातून उरलेला अँगल, म्हणजे काटकोनी लोखंडी पट्टी काढली, गंज रोखायला रेड ऑक्साइड मारलं, वरून राखाडी ऑइल पेंट. दोन दिवसांत स्टँड छपरावर.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर वर गेलो. अँगल मधे ठणठणीत. गंजला होता तो वेल्डपाशी आणि बोल्टच्या भोकांत, जिथं ब्रश पोचतच नाही. पॅनलची हमी २५ वर्षांची आणि खालच्या भोकांची दोन पावसाळे!

मग जीआय पाइप, म्हणजे झिंकचा (जस्ताचा) थर दिलेला लोखंडी पाइप आणला, पण हाताला सवय वेल्डिंगची. रॉड टेकवला की त्या जागचा झिंक जळून पांढरा धूर निघतो. त्या धुरानं आण्णांना रात्री थंडी वाजून ताप भरला. वर चंदेरी स्प्रे मारून सांधा झाकता येतो, आम्हीही झाकलेत. खोटं कशाला बोलू?

शेवटी क्रमच उलटा केला. साध्या लोखंडात आधी कापायचं, भोकं पाडायची, वेल्ड करायचा, आणि मग तयार माल हॉट डिपला पाठवायचा. साडेचारशे अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवल्यावर भोकाच्या आतसुद्धा थर बसतो, साधारण ८० मायक्रॉनचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). बाजारातल्या तयार जीपी पाइपवर, म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पाइपवर, २० मायक्रॉन मिळाले तरी चांगला माल म्हणायचा. पहिला लॉट मात्र प्लँटवाल्यानं तसाच परत पाठवला. पाइपची दोन्ही तोंडं आम्ही छान बंद केली होती. आत अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन असा पाइप टाकीतच फुटतो. तेव्हापासून हवेचं भोक आधी, बाकी सगळं नंतर.

आता पाय आणि कैच्या (वरचे तिरपे सांगाडे) हॉट डिपच्या, वरची रेल ॲल्युमिनियमची, नट-बोल्ट स्टेनलेसचे. ॲल्युमिनियमला उघडं लोखंड कधीच टेकवत नाही. मधे पावसाचं पाणी राहिलं की ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. जस्ताशी त्याचं बऱ्यापैकी जमतं.

गिऱ्हाईक विचारतं, "पॅनल किती किलोचा?" साधारण २८. पण साताऱ्यात वजनापेक्षा वाऱ्याला भ्यावं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाहीत उभ्या. ताशी १४० किलोमीटरचा वारा धरला तर अडीच चौरस मीटरच्या एका पॅनलवर सव्वादोनशे किलोच्या आसपास जोर येतो, आणि तो खालून शिरला तर उचलतो. म्हणून उतार १५ ते १८ अंशच देतो. आपल्या अक्षांशाला तेवढा पुरतो. आणि पायाखाली काँक्रीटचे ठोकळे. स्लॅबला भोक पाडलं की पुढच्या दहा वर्षांची गळती आमच्या नावावर.

२०२४ मध्ये घराच्या छपरावरच्या सोलरसाठी केंद्राची सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान. कामं वाढली, तसे पातळ पाइपवालेही वाढले. त्यांच्या दरात आम्हाला जमत नाही, काही कामं जातात.

तो पहिला स्टँड अजून शॉपच्या मागं पडून आहे. नवीन पोरगा कामाला आला की आण्णा त्याला त्या स्टँडच्या गंजलेल्या भोकात बोट घालायला लावतात.